मदत हवी आहे: मुलाच्या अधिवृक्क ग्रंथीची गाठ दुर्बिणीने काढावी की पोट उघडून?

नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा 10 वर्षांचा, पाचवीत. आम्ही सिंहगड रोडला राहतो. दिवाळीनंतर डोकं दुखतं म्हणायला लागला. कधी वर्गात, कधी जेवताना. एकदम पांढराफटक पडायचा, बनियन पिळून निघेल इतका घाम, छाती धडधडायची आणि पंधरा मिनिटांत पुन्हा क्रिकेटला पळायचा. आधी चष्म्याचा नंबर काढून झाला. मग एका डॉक्टरांनी "शाळेचं टेन्शन" म्हणून बोळवण केली. त्यात तीन महिने गेले. बीपी कुणीच बघितलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. शेवटी दुसऱ्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी कपाटातून लहान मुलांचा पट्टा शोधून काढला आणि बांधला. 168/112. पट्टा सोडून परत बांधला, मग दुसऱ्या हाताला. तिसऱ्यांदा त्या काही बोलल्याच नाहीत, फोन उचलला.

मग 24 तासांची लघवी. तो कॅन आमच्या फ्रिजमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळून, दुधाच्या पिशव्यांशेजारी. मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रेनलिनपासून शरीरात तयार होणारं द्रव्य) खूप वाढलेली आली. एमआरआयमध्ये उजव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या अधिवृक्क ग्रंथीत 4 सेंमीची गाठ. फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं सोडणारी गाठ. हा शब्द नीट म्हणायलाच मला दोन दिवस लागले.

आता गोंधळ असा. एक सर्जन म्हणतात दुर्बिणीने होईल, तीन-चार भोकं. दुसरे म्हणतात उजवी बाजू आहे, मी पोट उघडूनच करेन. नवऱ्याला वाटतं दुर्बीण म्हणजे आपल्या पोरावर प्रयोग. शिवाय दोघंही म्हणतात आधी किमान दोन आठवडे प्राझोसिनच्या गोळ्या, मग ऑपरेशन. गाठ दिसतेय, बीपी एवढं आहे, मग थांबायचं कशाला?

आणि एक. डॉक्टरांनी मीठ आणि पाणी भरपूर द्यायला सांगितलंय. सासूबाईंचं म्हणणं, बीपीवाल्याला मीठ? त्या गुपचूप त्याची भाजी अळणी काढतायत. काल नाक चोंदलं म्हणून नवरा मेडिकलमधून नाकात घालायचे थेंब घेऊन आला, ते अजून दिलेले नाहीत.

कुणी यातून गेलंय का?

—

रास्तापेठी: ताई, आधी धीर धरा. आमची मुलगी 13 वर्षांची असताना हेच झालं, डाव्या बाजूला. दुर्बिणीने झालं. तीन दिवस आयसीयू आणि वॉर्ड धरून, चौथ्या दिवशी घरी. पोटापेक्षा खांदा दुखतो म्हणून रडत होती. आम्ही घाबरलो, तर सिस्टर म्हणाल्या पोटात भरलेल्या गॅसमुळे होतं ते, आणि खरंच दोन दिवसांत गेलं. ऑपरेशननंतर रात्रभर बोटाला टोचून साखर बघत होते, हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो.

झोपवणारी: मी भूलतज्ज्ञ. रिपोर्ट न बघता दोन सर्जनांपैकी कोण बरोबर हे मी सांगणार नाही. पण बाकीचं सांगते.

ते थेंब आजच फेकून द्या. नाक मोकळं करणारे थेंब आणि सर्दीची बरीच औषधं रक्तवाहिन्या आवळतात, या आजारात बीपी उसळू शकतं. नाक चोंदणं हा बहुतेक गोळ्यांचाच परिणाम, म्हणजे औषध लागू पडतंय. उलटीचं मेटोक्लोप्रमाइडही नको. कुठल्याही दवाखान्यात गेलात तर गाठीचं नाव आधी सांगा.

दोन आठवडे वाया जात नाहीयेत. गाठीतून सुटणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांनी त्याच्या रक्तवाहिन्या महिनोन्‌महिने आवळलेल्या आहेत. गोळी त्या सैल करते, आणि सैल झालेली जागा भरायला पाणी आणि मीठ लागतं. सासूबाईंना सांगा, हे आजोबांच्या बीपीसारखं नाही. ताक, सूप, लोणचं चालू दे. पहिल्या गोळीनंतर आणि डोस वाढवल्यावर त्याला झोपवून ठेवा, पटकन उठला तर चक्कर येईल. तयारी न करता गाठीला हात लावला तर बीपी आभाळाला भिडतं, आणि तिची शीर बांधली की धाडकन कोसळतं. म्हणून आम्ही मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून ठोक्यागणिक बीपी बघतो. मला विचाराल तर यातली निम्मी लढाई ऑपरेशनच्या आधीच होते.

उजवीकडची अडचण खरी आहे. डावीकडची शीर लांब असते, मूत्रपिंडाच्या शिरेत जाते. उजवीकडची आखूड, थेट महाशिरेत. तिथे चुकायला जागा नसते. पण म्हणून दुर्बीण बाद होत नाही. प्रयोगही नाही. कॅनडातल्या मिशेल गॅन्ये यांनी अशा ऑपरेशनचा पहिला अहवाल 1992 साली प्रसिद्ध केला. गाठ मोठी असेल, आजूबाजूला घुसलेली असेल, कर्करोगाची शंका असेल तर उघडून करणंच बरं, गाठ फुटून चालत नाही. तुम्ही दोघांनाही एवढंच विचारा: लहान मुलांच्या किती केल्यात? मध्येच उघडावं लागलं तर तुम्हीच करणार ना? मुलांचा आयसीयू त्याच इमारतीत आहे ना? मध्येच उघडावं लागलं म्हणजे बिघडलं असं नाही, ते शहाणपण आहे.

आणखी एक. मुलांमध्ये हा आजार बऱ्याचदा घराण्यातून येतो. जनुकीय चाचणी सांगितली नसेल तर विचारा. घराण्यातला निघाला तर पुढे दुसऱ्या बाजूलाही होऊ शकतो, म्हणून वर्षावर्षाला तपासणी लागते. एकच ग्रंथी काढली आणि दुसरी ठीक असेल तर जन्मभर गोळ्या नाहीत. दोन्ही गेल्या तरच हायड्रोकॉर्टिसोन (या ग्रंथीत बनणाऱ्या संप्रेरकाची गोळी) कायमचं.

रास्तापेठी: खर्चाचं राहिलं. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि दुर्बलांसाठी 10 टक्के सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकांना भेटा. काउंटरवर विचारू नका, ते "बेड नाही" एवढंच सांगतील.

—

धागाकर्ती: तुम्हा दोघांचे पाय धरावेसे वाटतायत. थेंब बेसिनमध्ये ओतले. झोपवणारी ताईंचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, मग मला आधी नीट सांगायचं होतंस. रात्री त्याच्या ताटात लोणचं होतं.

सोमवारी दुर्बीणवाल्या सर्जनना तिन्ही प्रश्न विचारले. मुलांचा आयसीयू तिथेच, तिसऱ्या मजल्यावर. उघडावं लागलं तर तेच उघडणार. चाचणीसाठी त्याच्याबरोबर आम्हा दोघांचंही रक्त देऊन आलो. सकाळी त्याचं बीपी 126/80 होतं, ते त्याने स्वतःच वहीत लिहिलं.

एवढं सांगा, मुलांच्या आयसीयूत रात्री आईला जवळ थांबू देतात का? तो अजून माझा हात धरल्याशिवाय झोपत नाही.