सोशल असणं म्हणजे नेमकं काय?

ओसरीवरचा: सोसायटीच्या कोजागिरीला गेलो नाही, तर "अजिबात सोशल नाही हा माणूस" असा शेरा मिळाला. पाण्याची टाकी धुवून घ्यायला, टँकरवाल्याशी हुज्जत घालायला वर्षभर मीच. ते कुणी मोजत नाही. माझं सरळ म्हणणं, सोशल म्हणजे चार लोकांच्या उपयोगी पडणं. रानड्यांनी १८८७ साली सामाजिक परिषद सुरू केली ती काय मसाला दूध प्यायला?

शब्दवेडी: मूळ बघाल तर दूधवालेच जिंकतात हो! गिरनारच्या शिलालेखात अशोक बजावतो, 'न च समाजो कतव्यो'. समाज भरवू नका. तिथे समाज म्हणजे जत्रा, जमून खाणं-पिणं, मौजमजा. (काही समाज बरे असतात, हेही लगेच पुढे आहे.) संस्कृत नाट्यचर्चेत तर 'सामाजिक' म्हणजे चक्क प्रेक्षक. तुमचा टाकी धुण्याचा अर्थ रुळला तो प्रार्थना समाज (१८६७), सत्यशोधक समाज (१८७३) यांच्या काळात.

खाचर: साफ अमान्य. शब्द कधीही आला असेल, गोष्ट जुनीच आहे. भातलावणीला आमच्याकडे सावड असायची. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या माझ्या. मजुरी नाही, दुपारी भाकरी-कालवण. चिखलात कंबर मोडेस्तोवर वाकलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही, तू सोशल आहेस का म्हणून.

शब्दवेडी: आणि त्या सावडीत गावकुसाबाहेरच्यांना घेत होते का? आजही "आमच्या समाजात असं चालत नाही" म्हणतात, तेव्हा समाज म्हणजे जातच असते.

खाचर: नव्हते घेत. भावकी, फार तर आळी. हे मान्य. पण म्हणून सावड म्हणजे जत्रा होत नाही.

तिसरा_कोन: इंग्रजी सोशलचं मूळ लॅटिन 'सोशियस', म्हणजे सोबती. रोमचे इटलीतले दोस्त असेच सोबती होते. रोमच्या लढाया लढायच्या, पण नागरिकत्व मागितलं की नकार. इ.स.पू. ९१ मध्ये त्यांनी बंड केलं, त्या युद्धाचं नावच 'सोशल वॉर'. शेवटी रोमला नागरिकत्व द्यावंच लागलं. ओसरीवाले, तुमची गत तीच दिसतेय.

ओसरीवरचा: टाकीच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे. विचार करतो.