मदत हवी आहे: भावाच्या पॅनिकसाठी ऑनलाइन 'इंटेन्सिव्ह' उपचार घ्यावेत का?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून लिहितेय. प्रश्न धाकट्या भावाचा आहे. वय २७. चिपळूणला नोकरीला होता, रोज एसटीने जाऊन येऊन. गेल्या पावसाळ्यात गाडीतच त्याला एकाएकी धडधडायला लागलं, हातपाय गार पडले, श्वास पुरेना. हार्ट अटॅकच आला असं सगळ्यांना वाटलं. ईसीजी, टूडी एको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल निघालं. मग चिपळूणलाच मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पॅनिक डिसऑर्डर सांगून एस्सिटॅलोप्रॅम सुरू केलं. गोळीने झोप सुधारली, अटॅकही कमी झाले, पण पुन्हा होईल ही भीती हटत नाही. आधी एसटी सुटली, मग रिक्षा, मग बाजार, शेवटी नोकरी. आता पाणंदीच्या तोंडापर्यंत जातो आणि गडग्याला हात लावून मागे फिरतो.

डॉक्टर म्हणतात औषधाच्या जोडीला सीबीटी हवी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी. त्यांच्या ओपीडीत तेवढा वेळ नाही आणि जवळपास ती नीट शिकलेलं कुणी आम्हाला मिळालेलं नाही.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिच्याकडून 'इंटेन्सिव्ह आउटपेशंट प्रोग्रॅम' हा प्रकार कळला. आठवड्यातून एकदा भेटून भागत नाही, पण भरती करण्याइतकंही नाही, अशांसाठी तो असतो. साधारण आठवड्याला तीन दिवस, रोज तीन तास, म्हणजे निदान नऊ तास. दोन-तीन महिने चालतो. त्यात ग्रुप, एकट्याचं सेशन, घरच्यांचं सेशन, औषधांचा आढावा असं सगळं. कोविडनंतर बरंचसं व्हिडिओवर होतं. पण तिकडच्या थेरपिस्टला पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स लागतं, त्यामुळे आम्हाला ते दार बंदच.

म्हणून इकडे शोधलं. एका कंपनीचं असंच तीन महिन्यांचं ऑनलाइन पॅकेज आहे. संध्याकाळचे ग्रुप, हिंदी-इंग्रजीतून, पैसे सगळे आगाऊ. फोनवरची मुलगी अगदी आपुलकीने बोलली, पण सेशन घेणारे कोण, काय शिकलेले, आणि मध्येच सोडलं तर पैशांचं काय, या दोन्हींवर सरळ उत्तर मिळालं नाही. दुसरा पर्याय पुण्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंचा. मराठीतून, व्हिडिओवर, आठवड्यातून एकदा. गरज पडली तर सुरुवातीला दोनदा घेऊ म्हणाल्या.

मन पॅकेजकडे ओढतं, कारण आठवड्यातून एक तास म्हणजे फारच थोडं वाटतं. बाकीचे सहा दिवस तो भिंतीकडे बघत पडून असतो आणि ते मला बघवत नाही.

घरच्या अडचणी सांगते. आमचं घर जुनं, माजघरात बोललेलं पडवीत ऐकू येतं आणि पडवीत चुलते बसलेले असतात. रेंज फक्त माळ्यावर. पावसात लाइट गेली की कधी येईल नेम नाही. आईने देवळात गाऱ्हाणं घातलंय. त्याला माझी हरकत नाही, तिला त्याने धीर येतो. पण येणाराजाणारा 'बाहेरचं काहीतरी आहे, कौल लावून बघा' म्हणतो, तेव्हा तो दिवसभर जेवत नाही.

आणि खरी काळजी वेगळीच आहे. जो घराबाहेर पडायला घाबरतो, त्याला घरातच उपचार मिळाले तर बाहेर न पडायला आणखी एक कारण मिळणार नाही का? कुणी अनुभवी असेल तर कृपया सांगा.

– खाडीकाठ

*

सुरंगी: ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सिंधुदुर्गात काम करते. तुमचा शेवटचा प्रश्नच या सगळ्याचं मूळ आहे. दोन्हीकडे फोन कराल तेव्हा तोच आधी विचारा: स्क्रीनबाहेरचं काम किती आणि ते कसं करून घेणार?

पॅनिकमध्ये माणूस ज्या जागा टाळतो तिथे परत जाणं आणि भीती आपसूक उतरेपर्यंत तिथेच थांबणं, याने फरक पडतो. नुसत्या गप्पांनी नाही. तुमच्याकडे धोपाव्याची फेरीबोट आहे. पहिल्या दिवशी जेटीवर उभं राहायचं, बोट भरताना बघायची. मग तुमच्याबरोबर दाभोळला जाऊन त्याच बोटीने परत. मग तुम्ही जेटीवर आणि तो एकटा पलीकडे. थेरपिस्ट पुण्यात असली तरी सुरुवातीला कानात इअरफोनवर असू शकते, नंतर तीही नको. घरातले व्यायामही असतात: मुद्दाम जोरजोरात श्वास घेणं, जिना भराभर चढणं, जागच्या जागी गिरक्या घेणं. धडधड आली, मेलो नाही, ती गेली, हे शरीराला पुन्हा पुन्हा दाखवायचं. हे व्हिडिओवर छान करून घेता येतं. हृदयाचे रिपोर्ट नॉर्मल आहेत ते त्या बाईंना आधी पाठवा.

तासांची भीती बाळगू नका. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या शिफारशीत पॅनिकसाठी सीबीटीचे एकूण ७ ते १४ तास सांगितलेत, आठवड्याला एक-दोन तास, चार महिन्यांच्या आत. आठवड्याला नऊ तासांचा आराखडा जास्त गुंतागुंतीसाठी बरा: जोडीला मोठं डिप्रेशन, व्यसन, किंवा नीट झालेल्या साप्ताहिक थेरपीने फरकच पडला नाही तर. तुमच्या भावाची सीबीटी अजून एकदाही झालेली नाही. मी आधी पुण्याच्या बाई निवडेन, पहिला महिना आठवड्यातून दोनदा. मधले दिवस मोकळे नसतातच, रोजचा सराव दिलेला असतो. तो दिला जात नसेल तर ती सीबीटी नव्हे.

नोंदणी विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंद असते, तो नंबर मागा. मानसोपचारतज्ज्ञ हे एमडी किंवा तत्सम शिकलेले डॉक्टर असतात, त्यांची मेडिकल कौन्सिलकडे. 'वेलनेस कोच' म्हणजे यातलं काहीच नव्हे. जो नंबर देत नाही त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

गोळी मनाने बंद करू देऊ नका.

काजूबोंड: मी मालवणकडचा, स्वतः यातून गेलोय. सुरंगीताईंशी सहमत, पण ग्रुपच्या बाजूने थोडं बोलतो. भर बाजारातून पिशवी तिथेच टाकून घरी पळणारा जगात मी एकटाच, असं मला वाटायचं. ग्रुपमध्ये तसे पाचजण भेटले. ते एकट्याच्या सेशनमध्ये कळलं नसतं. फक्त ग्रुप मराठी असावा आणि रेकॉर्डिंग होत नाही हे लेखी घ्यावं. आपल्याकडे एका तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

जागेचं म्हणाल तर शाळा सुटल्यावर वर्गखोली मिळते का बघा. मी तसंच केलं. शिवाय तिथपर्यंत चालत जाणं हाही सरावच झाला. लाइट-रेंज गेली तर साध्या फोनवर सेशन पुढे चालू राहील का, हे आधीच ठरवून घ्या.

चिपळूणचे डॉक्टर सोडू नका. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे नार्कोटिक (अमली पदार्थांच्या) कायद्यात येणारी बहुतेक औषधं ऑनलाइन लिहून देता येत नाहीत, आणि पॅनिकमध्ये कधीमधी देतात ती अल्प्राझोलाम त्यात येते. पुण्याच्या बाईंना तर औषध लिहिताच येणार नाही, त्या डॉक्टर नव्हेत. दोघांना एकमेकांचे नंबर द्या.

रात्री-अपरात्री कठीण वाटलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलतात. २०२२ पासून आहे. आणि जीव नकोसा वाटतो असं तो कधी बोलला तर ऑनलाइनच्या तारखेची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, नावाला बिचकू नका, तिथे ओपीडीही चालते. ऑनलाइनवाल्यांनाही विचारा: अशा वेळी तुम्ही कुणाला फोन करणार? ज्यांनी पहिल्याच दिवशी घरच्यांचा नंबर आणि जवळच्या हॉस्पिटलचं नाव लिहून घेतलं नाही, त्यांच्याकडे मी गेलो नाही.

विम्याचं: २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा लागतो, पण बऱ्याच पॉलिसीत ओपीडीच नसते, त्यामुळे थेरपीचे पैसे मिळतील असं धरून चालू नका.

खाडीकाठ: दोघांचेही मनापासून आभार. सुरंगीताई, फेरीबोटीचं त्याला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, 'जेटीपर्यंत कोण नेणार?' नाही म्हणाला नाही, एवढंच मला खूप आहे. पॅकेजवाल्यांना नको म्हणून कळवते. पुण्याच्या बाईंना उद्या फोन करून नोंदणी नंबर, आठवड्यातून दोनदा आणि बाहेरचा सराव, तिन्ही विचारते. शाळेच्या खोलीचं हेडमास्तरांशी बोलेन, मी तिथेच शिकवते.

आणखी एक विचारायचं राहिलं. आता तो माझ्याशिवाय अंगणही ओलांडत नाही. मी सोबत राहिले तर त्याची भीती मीच पोसतेय असं वाटतं, आणि हात सोडला तर तो पुन्हा माळ्यावर जाऊन बसेल. नेमकं कधी मागे सरायचं, हे थेरपिस्ट ठरवतात की घरच्यांनी ओळखायचं असतं?

सुरंगी: दोघांनी मिळून, त्याच्यासमोर आणि त्याच्या संमतीने. पहिल्या दोन सेशनपैकी एकात तुम्हालाही बसवून घ्यायला सांगा. तोपर्यंत आत्ता जेवढ्या सोबत आहात तेवढ्याच राहा, एकदम हात काढून घेऊ नका. फक्त तो घाबरल्यावर लगेच 'चल, घरी जाऊ' म्हणू नका. 'थांबू या थोडं' म्हणा आणि तिथेच उभ्या राहा.