पोस्टर उद्या छपाईला – क्यूआरमध्ये कुठला पत्ता टाकायचा?

केतकी (प्रसिद्धी):
मंडळी, परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या पुढच्या तिमाहीच्या कार्यक्रमांचं पोस्टर तयार आहे. उद्या सकाळी दहाला छपाईला जायचं आहे, नाहीतर गेल्या खेपेसारखा निम्मा महिना उलटल्यावर लागेल. सध्या क्यूआर ‘कार्यक्रम’ नावाच्या पीडीएफकडे जातो. आकार ६ सेंटीमीटर, मध्ये मंडळाचं बोधचिन्ह. खाली एक ओळ आहे: ‘वस्तीतल्या रहिवाशांसाठी सोयीसुविधांची यादी याच ठिकाणी’. पत्ता हाच ठेवू का? रात्री नऊपर्यंत कळवा.

मंदार:
पीडीएफकडे थेट नको. तारीख बदलली की नवी पीडीएफ चढणार, तिचा पत्ता बदलणार आणि भिंतीवरचा क्यूआर जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहणार. आपल्याच साइटवर दोन-चार अक्षरांचं एक कायमचं पान करा आणि क्यूआरमध्ये फक्त त्याचा पत्ता घाला. त्या पानामागे काय बदलायचं ते बदला, पोस्टरला हात लावायला नको.

फुकट ‘डायनॅमिक क्यूआर’ देणाऱ्या साइटही नकोत. त्या क्यूआरमध्ये आपला नाही, त्यांचा पत्ता असतो. मुदत संपली की क्यूआर बंद, किंवा मध्येच जाहिरात.

दुसरी अडचण आकाराची. फाइलचं नाव देवनागरीत आहे. क्यूआरमध्ये जाताना देवनागरीतल्या प्रत्येक खुणेची नऊ अक्षरं होतात. ‘कार्यक्रम’मध्ये काना आणि हलन्त धरून नऊ खुणा, म्हणजे नुसत्या त्या शब्दाची ८१ अक्षरं. साइटचं नाव आणि शेवटचं ‘.pdf’ मिळून पत्ता ११० वर जातो. मधल्या दुरुस्ती-पातळीला (क्यूआरचा किती भाग खराब झाला तरी तो वाचता येईल, ती पातळी) त्यासाठी ४५ बाय ४५ चौकोन लागतात. छोटा पत्ता २६ अक्षरांत बसतो, त्याला २५ बाय २५ पुरतात. त्याच ६ सेंटीमीटरमध्ये एक चौकोन १.३ मिलिमीटरऐवजी २.४ मिलिमीटर होतो. जुना फोन, कमी उजेड, थरथरता हात, सगळीकडे हा फरक जाणवतो.

अविनाश (सभागृह व्यवस्था):
मंदार, बोधचिन्ह ठेवायचं तर दुरुस्तीची पातळी सर्वांत वरची घ्या. ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. पोस्टर उघड्यावर लागणार आहेत, हे विसरू नका.

आणि एक. शनिवारचा कार्यक्रम पोस्टरवर दिसतोय, पण माझ्याकडे हॉलची नोंद अजून पक्की नाही. नोंद पक्की होण्याआधी तारीख बाहेर देऊ नये असं ठरलेलं आहे.

मंदार:
काका, पातळी वाढवली की चौकोनही वाढतात. त्याच २६ अक्षरांना सर्वांत वरच्या पातळीला ३३ बाय ३३ लागतात, त्याखालच्या २५ टक्केवाल्या पातळीला २९ बाय २९. मी २९ म्हणेन, आणि बोधचिन्ह क्यूआरच्या शेजारी. ते ३० टक्के म्हणजे कुठलाही ३० टक्के भाग नव्हे. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन त्या दुरुस्तीत येत नाहीत. टाचणी तिथेच टोचली किंवा वरून दुसरा कागद आला, तर पातळी कितीही असो, फोनला क्यूआर सापडेलच असं नाही. बोधचिन्हाने आधीच दुरुस्तीचा वाटा खाल्ला, तर पावसाला आणि ओरखड्यांना उरतो किती?

केतकी, चारही बाजूंनी चार चौकोनांइतकी पांढरी जागा मोकळी सोड. आत्ता डावीकडची नक्षी क्यूआरला टेकली आहे. रंग पांढऱ्यावर काळा. गडद पार्श्वभूमीवर पांढरा क्यूआर काही फोन वाचतच नाहीत. लॅमिनेशन मॅट घे, चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप नेमकी क्यूआरवर येते. आणि पत्ता खाली ठळक अक्षरांतही छाप.

शैलाताई (ज्येष्ठ गट):
केतकी, तासभर क्यूआरचंच चाललं आहे. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना तो लागणार नाही. पोस्टरवर पुढचे चार कार्यक्रम पूर्ण लिहिलेले हवेत: वार, तारीख, वेळ, जागा, आत कुठल्या दाराने यायचं, लिफ्ट आहे की नाही. वार आणि तारीख दोन्ही हवेतच. एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून लगेच ध्यानात येते.

महिना अक्षरांत लिहा. ५/६ म्हणजे कुणाला पाच जून वाटतो, कुणाला सहा मे. आणि इथे वाढलेल्या मुलांना देवनागरी आकडे वाचता येत नाहीत, ‘४’ त्यांना आठासारखा दिसतो. कार्यक्रम मराठीत असू दे, पण वेळ आणि फोन नंबर इंग्रजी आकड्यांतही (1, 2, 3) द्या. शेजारपाजारच्या अमराठी लोकांनाही तेवढंच कळतं आणि तेवढ्याने ते येतात. अक्षर हातभर अंतरावरून चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. घरोघरी जाणाऱ्या पत्रकात १४ पॉइंटच्या खाली जाऊ नका.

नीलेश (कॅलेंडर):
पीडीएफच्या जागी जे पान येईल, त्यावर कॅलेंडरचं ‘सबस्क्राइब’ बटण सर्वांत वर ठेवा. ‘डाउनलोड’ बटण काढूनच टाका. मागच्या खेपेचा सगळा घोळ तिथून झाला. फाइल उतरवून आपल्या कॅलेंडरमध्ये आयात केली की ती त्या क्षणाची प्रत होते. पुढे आपण इकडे वेळ बदलली तरी त्यांच्या फोनवर जुनीच राहते. सबस्क्राइब केलं तर बदल आपोआप जातो, फक्त लगेच नाही. गूगलला बाहेरचं कॅलेंडर पुन्हा वाचायला १२ तास लागू शकतात, आउटलुकला त्याहूनही जास्त. म्हणून आयत्या वेळचा बदल कॅलेंडरच्या भरवशावर सोडायचा नाही. २४ तासांच्या आतला बदल इथे मेलच्या यादीवर आणि वॉट्सअ‍ॅपवर, दोन्हीकडे.

कॅलेंडरला हात लावणाऱ्यांसाठी:

कार्यक्रम पुढे ढकलला तर जुनी नोंद पुसून नवी करू नका, आहे तीच उघडून तारीख बदला. प्रत्येक नोंदीला आतून एक ओळखक्रमांक असतो. नवी नोंद केली की तो बदलतो, आणि ज्यांनी आधीची फाइल आयात केली होती त्यांनी नवी आयात केली की दोन्ही दिसतात. रद्द झालेला कार्यक्रमही लगेच पुसू नका. शीर्षकात ‘रद्द’ लिहून तारीख उलटेपर्यंत राहू द्या. नोंद नुसती गायब झाली तर लोकांना वाटतं आपल्याच फोनमध्ये बिघाड आहे, आणि ते येऊन दारात उभे राहतात.

शीर्षकात वेळ लिहू नका. ‘वाचनकट्टा सायं. ५’ असं नाव दिलं आणि नोंदीची वेळ सहा केली, की दोन वेळा दिसतात आणि लोक शीर्षकावर विश्वास ठेवतात.

दर महिन्याचा कार्यक्रम ‘दुसरा शनिवार’ असा लावा, ‘पाचवा शनिवार’ कधीच नको. ज्या महिन्यात पाचवा शनिवार नाही, तो महिना कॅलेंडर गुपचूप वगळतं. ‘३१ तारखे’चंही तेच.

आता घड्याळबदल, म्हणजे वर्षातून दोनदा इथलं घड्याळ तासाने पुढे-मागे होतं ते. या तिमाहीत तो रविवार येतो. नोंद करताना आपल्या शहराचा कालविभाग निवडलात तर पाचचा कार्यक्रम पाचलाच राहतो. मागे कुणीतरी हिशेब करून यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) वेळ घातली होती, म्हणून घड्याळ बदलल्यावर पुढच्या सगळ्या नोंदी तासाने सरकल्या. भारतातून होणाऱ्या ऑनलाइन व्याख्यानाचं मात्र उलट आहे. ती नोंद भारताच्या कालविभागातच करा. तिथे घड्याळ बदलत नाही. भारतातले रात्री साडेआठ म्हणजे बारा महिने १५:०० यूटीसी. घड्याळ बदलल्यावर व्याख्यान इथे वेगळ्या वेळेला दिसेल, आणि तीच वेळ बरोबर आहे. पोस्टरवर त्या ओळीला दोन्ही वेळा छापा.

समुद्रापलीकडच्या मंडळांबरोबरच्या बैठकीचंही बघा. युरोपातलं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातं, अमेरिकेतलं नोव्हेंबरच्या पहिल्या. मधला एक आठवडा नेहमीचा फरक लागू नसतो. वसंतात तर हे अंतर दोन ते तीन आठवड्यांचं असतं.

अविनाश:
नीलेश, सगळं पटलं, पण कॅलेंडरवर नोंद कोण करणार? हॉलच्या नोंदी माझ्याकडेच राहतील. पाच जणांच्या हातात किल्ली दिली की एकाच संध्याकाळी दोन गट दारात, हे आपण पाहिलं आहे. शिवाय हॉल आपल्याला ४ ते ९ मिळतो. त्यात खुर्च्या मांडणं, माइक लावणं आणि नंतरची झाडलोट आली. कॅलेंडरवर ‘४ ते ९’ लिहिलंत तर माणसं चारला येतात आणि मांडामांडीत अडखळतात.

नीलेश:
काका, म्हणूनच दोन कॅलेंडरं. एक हॉलचं, ते फक्त समितीला दिसेल आणि त्यात बदल फक्त तुम्ही करायचे. दुसरं जाहीर, त्यात कार्यक्रमाची खरी वेळ. जाहीर कॅलेंडरमध्ये लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे आणि मंडळाच्या सामाईक खात्याकडे, म्हणजे मी नसताना अडणार नाही. बाकी गटांनी मजकूर पाठवायचा. तुमचा होकार मेलवर आला की मी नोंद जाहीर करतो, त्याआधी नाही.

वर्षा (सोयीसुविधा यादी):
केतकी, ती ‘याच ठिकाणी’वाली ओळ छापण्याआधी माझं ऐक. यादी आज उघडी करण्याच्या स्थितीत नाही. मोफत कायदेशीर सल्ला, भाषावर्ग, लहान मुलांच्या लसी, दुभाषी, अवजारं आणि व्हीलचेअर उसनी मिळण्याच्या जागा, सगळं त्यात आहे. पण कुठली माहिती कधी तपासली त्याचा पत्ता नाही. चुकीची माहिती इथे कार्यक्रमाच्या चुकीपेक्षा जास्त नडते. माणूस अर्ध्या दिवसाची रजा काढून, पोरं बरोबर घेऊन जातो आणि तिथे कळतं की आधी वेळ घ्यावी लागते.

प्रत्येक नोंदीत मला एवढं हवं: काय मिळतं, कुणाला मिळतं, आधी वेळ घ्यायची की थेट जायचं, कोणते कागद लागतात, पैसे लागतात का, मराठी किंवा हिंदी बोलणारं कुणी आहे का, व्हीलचेअर आत जाते का, आणि शेवटचं तपासलं कधी. ‘तपासलं’ म्हणजे साइट पाहिली असं नव्हे. फोन करून विचारायचं, ‘मी पुढच्या आठवड्यात आले तर काय घेऊन येऊ?’ या एका प्रश्नात कागद, वेळ आणि पात्रता तिन्ही बाहेर येतात. सार्वजनिक सुट्टीच्या आठवड्यातल्या वेळा वेगळ्या विचारायच्या.

स्वयंसेवकांचे खासगी नंबर यादीत नकोत. माणूस गाव सोडून जातो, नंबर कागदावर राहतो आणि रात्री-अपरात्री नव्या मालकाचा फोन वाजतो. मंडळाचा सामाईक मेल आणि निरोप ठेवता येईल असा एक फोन, एवढंच.

९० दिवसांत न तपासलेली नोंद लपवावी असं माझं मत.

शैलाताई:
लपवू नका वर्षा. व्हीलचेअर मिळण्याची जागा एकच असेल आणि तीच यादीतून नाहीशी झाली, तर गरजूने काय करायचं? तारीख दाखवा आणि ‘जाण्याआधी फोन करा’ असं ठळक लिहा. ज्याला गरज आहे तो फोन करतो.

वर्षा:
ताई, ज्याला इथली भाषा येत नाही तो फोन करत नाही, थेट जातो. यादी मुळात त्याच्यासाठीच आहे. मधला मार्ग असा: ९० दिवस उलटले की नोंद यादीच्या तळाशी, ‘तपासणी बाकी’ अशा शीर्षकाखाली, आणि तिथे मंडळाचा नंबर. भाषा न येणाऱ्याने आपल्याला फोन करावा, आपण पुढे फोन लावून देऊ. १८० दिवस झाले की मात्र काढायची. प्रत्येक विषयाला एक माणूस नेमून दिला तर कुणाच्याच वाट्याला फार काम येत नाही. भाषावर्ग आणि दुभाषी मी घेते. आरोग्याचं ज्येष्ठ गटाने घ्यावं, तुमच्याकडेच ती माहिती ताजी असते.

शैलाताई:
घेतलं. पण आरोग्याच्या नोंदीतला शब्दनशब्द आम्हाला विचारूनच बदलायचा.

मंदार:
शैलाताई, घरोघरी जाणाऱ्या पत्रकाबद्दल. तुमच्या गटाची फाइल जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये आहे. छापून बरोबर दिसते, पण मजकूर युनिकोड (सगळीकडे सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत) नाही. तो मेलमध्ये चिकटवला की भलतीच अक्षरं उमटतात, शोधून सापडत नाही, आणि अंधांसाठीचं वाचक सॉफ्टवेअर अगम्य काहीतरी वाचतं. एकदाच रूपांतर करून घ्या. रूपांतरानंतर रफार, ‘श्र’ आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच होतात. मूळ फाइल पाठवा, मी करून देतो.

केतकी:
साडेआठ वाजले. उद्या जे जातंय ते असं.

क्यूआरमध्ये छोटा पत्ता, २९ चौकोनांचा, काळा-पांढरा, बोधचिन्ह शेजारी. बागेच्या फाटकावर माणसं फुलझाडांच्या अलीकडून वाचतात, साधारण दीड मीटरवरून. क्यूआर अंतराच्या दहाव्या हिश्शाइतका तरी हवा, म्हणून तिथल्या प्रतीवर १५ सेंटीमीटर, बाकी ठिकाणी ६. चार कार्यक्रम पूर्ण छापते, वार-तारखेसह, महिना अक्षरांत, वेळ दोन्ही आकड्यांत. भारतातल्या व्याख्यानाला दोन्ही वेळा. सोयीसुविधांच्या ओळीत ‘यादी’ ऐवजी ‘माहितीसाठी मंडळाला विचारा’, खाली सामाईक नंबर. वर्षाची तपासणी झाली की यादी त्याच पानावर चढेल, पोस्टर बदलावं लागणार नाही.

मंदार, पान आज रात्रीच जिवंत कर, रिकामं असलं तरी चालेल. सकाळी घरच्या प्रिंटरवर खऱ्या मापाची प्रत काढून दोन वेगवेगळ्या फोनांवर तपासते, पडद्यावरून नाही. क्यूआर लागला की मगच फाइल पाठवते.

अविनाशकाका, शनिवारची ओळ रिकामी ठेवली आहे. हॉलचं कळवा.

अविनाश:
नोंद पक्की झाली. हॉल ४ ते ९ आपला. कार्यक्रम ५ ला लिही, दार पावणेपाचला उघडेल. आत यायचं मागच्या दाराने, उतार तिकडे आहे. पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, तेही छाप.