अनुभव धागा: चित्रपुस्तकातल्या विजोड जोड्या – काय जमतं, कुठे फसतं?

३ ते ६ वयाच्या मुलांसाठी विजोड प्राण्यांची मैत्री हा हमखास विषय. म्हणूनच ढिसाळ पुस्तकंही याच विषयावर भरपूर निघतात. लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, छापणाऱ्या, वाचून दाखवणाऱ्या मंडळींनी आपापल्या कामातलं नेमकं लिहा. संदेश-संस्कार नकोत.

कोरा कागद (लेखन)

विजोडपणा गोष्टीत राबला पाहिजे. पंचतंत्रातली 'मित्रसंप्राप्ती' काढून बघा. कावळा मैत्री करायला येतो तेव्हा उंदीर बिळातूनच त्याला सुनावतो: तू खाणारा, मी तुझं खाद्य, आपली मैत्री कसली? पुढे कावळा वरून टेहळणी करतो, उंदीर फास कुरतडतो, हरीण मेल्याचं सोंग घेतं आणि कासव हळू चालतं म्हणूनच पारध्याच्या हाती लागतं. यातला एकही प्राणी बदलता येत नाही. आपल्या मसुद्यालाही हीच चाचणी लावावी. सशाच्या जागी खार घालून गोष्ट तशीच चालली, तर जोडी नुसती शोभेची.

लहानांच्या आवृत्तीत उंदराचा नकार बहुतेक वेळा कापतात. माझ्या मते गोष्टीचा जीव तिथेच जातो.

डमीसाठी (पुस्तकाच्या कच्च्या नमुन्यासाठी) ए-४चे ८ कागद मधोमध दुमडून पिना मारा, ३२ पानं होतात. पहिली ३ शीर्षक आणि श्रेयात जातात. ४-५ ते ३०-३१ अशी १४ जोडपानं (उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं) हातात उरतात. दोघांची भेट तिसऱ्या जोडपानापर्यंत व्हावी. जोडपानावर २५ शब्दांपुढे गेलात की चित्रात दिसतंय तेच वाक्यं सांगायला लागतात.

खारूताई (चित्रं)

हत्ती-उंदराचं माप आधी कागदावर मांडा. आपल्याकडचा मोठा नर हत्ती खांद्याशी साधारण २.७ मीटर, घरातला उंदीर शेपूट सोडून ८ सेंमी. पानावर हत्ती २० सेंमी काढलात तर उंदीर येतो जेमतेम ६ मिमी! त्यात डोळे कुठे काढणार? मग उंदीर फुगवला जातो, त्याची घूस होते आणि सगळी गंमत जाते. त्यापेक्षा अख्खा हत्ती एकदाच दाखवा. बाकी पानांवर नुसता पाय, सोंडेचं टोक, कानाची कड. किंवा हत्तीला आडवा पाडा. दोघांची नजर एका रेषेत आली की अर्धा मजकूर गाळता येतो.

दोघेही करडे, हा दुसरा घोळ. चित्राचा काळा-पांढरा झेरॉक्स काढा. उंदीर हत्तीत बुडाला तर नुसता रंग बदलून भागणार नाही, एकाची छटा गडद-फिकी करावी लागेल.

सेंटर पिन (छपाई)

खारूताई, तो अख्खा हत्ती १६-१७वरच टाका. सेंटर पिन बाइंडिंगमध्ये (घडीवर पिना मारलेल्या पुस्तकात) तेवढंच जोडपान एका सलग कागदावर येतं. इतर जोडपानांची डावी-उजवी पानं वेगवेगळ्या कागदांवर छापली जातात, त्यामुळे पोटापर्यंत निळसर आणि पुढे तपकिरी हत्ती मिळू शकतो. चार रंगांतून बनवलेला करडा तर फारच लहरी. शाई जराशी कमी-जास्त झाली की हिरवट किंवा गुलाबी झाक येते. करड्याचा भार काळ्या शाईवर ठेवा, बाकीच्या चिमूटभर. घडीच्या दोन्ही बाजूंना १-१ सेंमीत चेहरा नको आणि कडेला ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा चित्राचा जादा भाग) हवंच.

पाणवठा (वन्यजीव)

जोडी कल्पनेतूनच काढायला हवी असं नाही. ताडोबा, मेळघाटात वानर आणि चितळ एकत्र दिसतात. वानरं झाडावरून पाला, फळं खाली पाडतात. ती चितळं खातात. कोरड्या दिवसांत गवत आटलं की हा पाला जास्तच कामाला येतो. वाघ-बिबट्या दिसला की वर वानर खाकरतं, खाली वास लागला की चितळ ओरडतं. चित्रात नेहमी होणाऱ्या चुका दोन: काळतोंड्या वानराऐवजी लाल तोंडाचं माकड आणि मादी चितळाला शिंगं.

खऱ्या घटनेवर लिहिताना शेवट गोड करायला जाऊ नका. २००४च्या त्सुनामीनंतर केनियात वाचवलेलं ओवेन हे पाणघोड्याचं पिल्लू मोम्बासाच्या हॅलर पार्कमध्ये म्झे या सुमारे १३० वर्षांच्या अल्डाब्रा कासवाला चिकटलं. कासव आधी त्याला टाळत होतं, नंतर दोघं एकत्र खाऊ-झोपू लागली. पुढे पाणघोडा वाढला, त्याच्या धसमुसळेपणाने कासवाला इजा होईल म्हणून त्यांना वेगळं केलं गेलं. हे मुलांना सांगता येतं: 'ओवेन आता फार मोठा झाला होता.' एवढं पुरतं.

आणि भुंग्यावर स्वार बेडूक छापाचे फोटो घेऊच नका. त्यातले बरेच प्राण्यांना त्रास देऊन जुळवलेले असतात.

गोष्टवाली (बालवाडी)

१५-२० मुलं असतील तर अर्धवर्तुळात बसवा, पुस्तक त्यांच्या डोळ्यांच्या किंचित वर धरा. हत्तीला घोगरा आणि उंदराला चिरका आवाज दोन पानं मजा देतो, मग मुलं आवाजालाच हसत राहतात आणि गोष्ट सुटते. त्याऐवजी वेग बदला: हत्ती सावकाश, उंदीर भराभर.

'वाघ याला खाणार का?' हे कुणीतरी विचारतंच. 'नाही रे' म्हणून मोकळं होऊ नका. 'बघ, वाघाचे कान कसे आहेत?' असं विचारून त्याच पानावर थांबा. पान उलटायची घाई मुलांना असते, आपण करू नये.

कोरा कागद

आणखी एक. आपल्याकडे हत्ती, वाघ 'तो' आणि मुंगी, खार, चिमणी 'ती', त्यामुळे दांडगा तो आणि इवलीशी ती अशी जोडी नकळत पडते. सुटकेचं काम मुंगीकडे द्या, किंवा हत्तीण घ्या.