रेडवूडच्या रानात वीस जणांचा कँप : आपण जावे की जाऊ नये?

वाटसरू (फ्रीमाँट)

गेली अकरा वर्षे दर उन्हाळ्यात आमच्या पाच-सहा मराठी कुटुंबांचा कँप कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डोंगरांतील कुठल्या ना कुठल्या राज्य उद्यानात होतो. त्याची आखणी करणाऱ्यांपैकी मी एक आहे, त्यामुळे पुढे जी टीका करणार आहे ती आधी माझ्यावरच आहे. माझे मत असे झाले आहे की, रेडवूड या प्रचंड उंच, जुन्या वृक्षांच्या उद्यानांत वीस-बावीस माणसांनी मोठी पातेली आणि फरसाणाचे डबे घेऊन मुक्कामाला जाणे आता थांबवावे. ही राने दिवसा पाहावीत, तिथल्या पायवाटा चालाव्यात आणि मुक्काम करायचाच असेल तर चौघांनी करावा. मोठ्या कँपसाठी किनाऱ्यावरची उद्याने आहेत, हेन्री को उद्यानासारख्या ओक वृक्षांच्या टेकड्या आहेत.

हे मत एका सकाळी बनले. पोह्यांसाठी शेंगदाणे तळून ताटलीत काढून ठेवले होते आणि मी कोथिंबीर धुवायला नळावर गेलो होतो. वळून पाहतो तो ताटलीच्या काठावर गडद निळ्या अंगाचा, काळ्या तुऱ्याचा पक्षी बसलेला. त्याने एक दाणा घशात सारला, मग दुसरा, मग तिसरा चोचीत धरला आणि कुणाची घाई नसल्यासारखा उडाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याचे नाव ‘निळोबा’ ठेवले. दुसऱ्या दिवशी पाच निळोबा आले. आम्ही सगळ्यांनी फोटो काढले.

निघताना गाडीत सामान भरता भरता कँपग्राउंडच्या तोंडाशी असलेला फलक वाचला. अकरा वर्षांत त्याच्यासमोरून किती वेळा गेलो असेन, पण वाचला तेव्हाच. निळोबा म्हणजे स्टेलर्स जे, आपल्या कावळ्याच्याच कुळातला. माणसाच्या खरकट्यावर त्याची कँपग्राउंडभोवती दाटी होते आणि तोच मग मार्बल्ड मर्लेट या पक्ष्याची अंडी आणि पिले खातो. हा मर्लेट समुद्रपक्षी आहे. तो दिवसभर समुद्रात मासे धरतो, पण अंडे घालायला किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत येऊन जुन्या वृक्षाच्या शेवाळलेल्या जाड फांदीवर बसतो. घरटे असे बांधतच नाही, आणि अंडे वर्षाला एकच घालतो. तो अंडे घालतो तरी कुठे, हे कोडे पक्षी-अभ्यासकांना 1974 पर्यंत सुटले नव्हते. त्या वर्षी इथल्याच बिग बेसिन उद्यानात झाडावर चढलेल्या एका कामगाराला उंच फांदीवर त्याचे पिल्लू दिसले.

एक अंडे आणि माझ्या ताटलीतले तीन दाणे. त्यातले नाते समजल्यावर पुढच्या जूनचे आरक्षण करायला हात धजावत नाही. आपले मत काय?

चूल आणि मैदान (सनीव्हेल)

वाटसरूंच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही.

मर्लेटची ही अवस्था चिवड्याने झालेली नाही. जुन्या रेडवूडचे सुमारे 95 टक्के जंगल करवतीखाली गेले तेव्हा आपल्यापैकी कुणाचे पणजोबाही या देशात आले नव्हते. उरलेल्या पाच टक्क्यांवर सगळा भार आला म्हणून तो पक्षी अडचणीत आहे. त्या ऐतिहासिक अपराधाची शिक्षा शेंगदाणे तळणाऱ्या माणसाने स्वतःला करून घ्यावी, हा आपल्या मध्यमवर्गीय पापभीरूपणाचा नमुना झाला.

दुसरे असे की, ‘चौघांनी जा’ हा सल्ला ज्यांना तंबू ठोकता येतो त्यांच्या सोयीचा आहे. मी या देशात आले तेव्हा रानात रात्र काढण्याची कल्पनाच मला विचित्र वाटत होती. गावाकडे वीज गेली की अंगणात झोपत होतो, तेवढाच आमचा कँपिंगचा अनुभव. मी गेले ते वीस माणसे सोबत होती म्हणून गेले. माझ्या सासूबाई वयाच्या सत्तराव्या वर्षी तंबूत झोपल्या, कारण शेजारच्या तंबूत त्यांच्या वयाच्या आणखी दोघी होत्या. चौघांच्या कँपमध्ये त्या आल्या नसत्या, आणि माझ्या मुलीने रात्री शेकोटीजवळ आजीकडून ऐकलेल्या भुताच्या गोष्टीही तिला कुठे मिळाल्या नसत्या.

आणि एक विसरू नका. 2011 मध्ये राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा कॅलिफोर्नियाने 70 राज्य उद्याने बंद करण्याची यादी जाहीर केली होती. वाटसरू ज्या हेन्री कोकडे बोट दाखवत आहेत ते त्या यादीत होते, कॅसल रॉकही होते. बहुतेक उद्याने वाचली ती देणग्यांमुळे आणि स्थानिक लोक मदतीला धावले म्हणून. ज्या रानात कुणी राहिलेच नाही त्या रानासाठी कोण धावेल? गटांसाठी वेगळ्या जागा उद्यानांनीच आखून दिल्या आहेत. राज्य आपल्याला या म्हणते आहे आणि आपणच नको म्हणायचे?

हिशेबनीस (डब्लिन)

मला पक्ष्यापेक्षा माणसांचा प्रश्न विचारायचा आहे. साध्या कँपसाइटवर साधारणपणे आठ माणसांची मर्यादा असते. गटाची जागा मिळाली नाही की वीस जणांना तीन साइट लागतात. आरक्षण सहा महिने आधी सकाळी आठ वाजता उघडते, तेव्हा आपण सहा कुटुंबे सहा लॅपटॉपांवर बसलेली असतो, आणि जादा मिळालेल्या जागा आयत्या वेळी सोडून देतो. हे मी स्वतः केलेले आहे. ज्याला आठ वाजता गोदामात कामावर उभे राहायचे असते त्याला जागा कशी मिळणार? 2023 च्या कायद्याने आयत्या वेळी रद्द करणाऱ्यांना दंड लावला आणि मागणी जास्त असलेल्या काही जागा सोडतीने देण्याची मुभा दिली, ते योग्यच झाले. ‘रान सर्वांचे’ म्हणताना आपण सर्वांत किती जागा अडवतो, तेही मोजावे.

बोरिवलीकरीण (सॅन होजे)

मी वाटसरूंच्या बाजूने आहे, आणि कारण तिकडचे आहे. माझे बालपण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाजवळ गेले. कान्हेरीच्या वाटेवर माकडांना चणे घालणे हा आमचा रविवारचा कार्यक्रम होता. पुढे तीच माकडे लहान मुलांच्या हातातल्या पुड्या ओढू लागली, तेव्हा सगळे म्हणू लागले की माकडे माजली. ती आपणच माजवली होती. ‘चूल आणि मैदान’ म्हणतात की दोष करवतीचा आहे. असेल, पण करवतीवर आज माझा हात नाही, डब्याच्या झाकणावर आहे.

सागरतीर (हाफ मून बे)

दोन्ही बाजू वाचल्या. मी गेली काही वर्षे आन्यो नुएवो राज्य उद्यानात स्वयंसेवक म्हणून हत्ती-सील या सोंडेसारख्या नाकाच्या अवाढव्य समुद्री प्राण्यांच्या वाटेवर लोकांना नेतो, त्या अनुभवावरून मला दोन्ही मते अपुरी वाटतात.

तेलासाठी झालेल्या शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडचे हत्ती-सील जवळजवळ संपले होते. मेक्सिकोच्या एका बेटावर मोजकेच उरले होते. मेक्सिकोने आणि मग अमेरिकेने त्यांना संरक्षण दिले. आन्यो नुएवोच्या बेटावर ते 1955 मध्ये पुन्हा दिसले, 1961 मध्ये तिथे पिल्लू जन्मले, आणि 1975 मध्ये मुख्य किनाऱ्यावरही जन्मले. आता दर हिवाळ्यात दोन टन वजनाचे नर वाळूत एकमेकांवर छाती आदळतात, आणि त्यांना पाहायला लोक येतात. 15 डिसेंबर ते 31 मार्च या काळात तिथे मार्गदर्शकाशिवाय पाऊल टाकता येत नाही. सुमारे तीन मैलांची वाळूची वाट आहे, अडीच तास लागतात, आणि प्राण्यापासून निदान 25 फूट दूर राहावे लागते. नर वाटेत आडवा झोपला असेल तर वाट आम्ही बदलतो, तो बदलत नाही.

मी ज्या गटांना नेतो त्यांत आपली मंडळीही असतात, आजी-आजोबांसकट. एकदा एका गृहस्थांनी खिशातून बाकरवडीची पिशवी काढली. मी काही बोलण्याआधीच त्यांच्या दहा वर्षांच्या नातीने ती परत खिशात घालायला लावली, कारण निघण्यापूर्वी मी जे सांगितले ते तिने ऐकले होते आणि त्यांनी ऐकले नव्हते. म्हणून माझे म्हणणे असे की, माणसे किती आली याला फारसे महत्त्व नाही, त्यांना कुणी आधी काही सांगितले का याला आहे. वाटसरूंना अकरा वर्षांत तो फलक दिसला नाही, यात उद्यानाचाही दोष आहेच. फलकाच्या जागी माणूस उभा असता तर पहिल्याच वर्षी काम झाले असते.

वाटसरू (फ्रीमाँट)

सर्वांचे आभार. ‘चूल आणि मैदान’ यांचा सासूबाईंचा मुद्दा मला लागला. माझ्या आईचेही तसेच झाले होते आणि मी ते सोयीस्कर विसरलो.

तरीही सागरतीर यांना एक विचारतो. सील डोळ्यांसमोर असतो, दोन टनांचा असतो, त्याचा वास येतो. मर्लेट कुणालाच दिसत नाही. तो पहाटेच्या धुक्यात समुद्रावरून येतो, आईबाप आळीपाळीने अंड्यावर बसतात, आणि आपण उठून चहा ठेवतो तोवर त्यांची पाळी बदललेली असते. जे दिसतच नाही त्याच्यापासून 25 फूट कसे राहायचे? या डोंगरांत अभ्यासकांनी मर्लेटच्या अंड्यांसारखी रंगवलेली कोंबडीची अंडी, आत मळमळ आणणारे रसायन भरून, झाडांवर ठेवली होती. निळोबांनी ती खावीत, आजारी पडावे आणि पुन्हा तसल्या अंड्याच्या वाटेला जाऊ नये म्हणून. पक्ष्यांना शिकवायला इतकी खटपट चालली आहे आणि आम्ही भाताचे पातेले उद्यानाच्या नळाखाली विसळतो. ती शिते तिथेच पडतात. वीस माणसांचा भात आणि चौघांचा भात यांत शितांचा फरक पडतोच, मग आधी कुणी कितीही समजावून सांगितलेले असो.

शिवाय 2020 च्या ऑगस्टमधल्या वणव्यात बिग बेसिनचा 97 टक्के भाग होरपळला. 1902 पासूनचे ते राज्याचे सर्वांत जुने उद्यान. झाडे बरीचशी जगली, खोडांतून नवी पालवी फुटली आहे. पण शेवाळ धरलेल्या जाड फांद्या पालवीसारख्या दोन वर्षांत येत नाहीत. मर्लेटला जागा आणखी कमी झाली, आणि बिग बेसिनच्या कँपग्राउंडला जाणारी माणसे शेजारच्या उद्यानांकडे वळली. त्यात आम्हीही होतो.

चूल आणि मैदान (सनीव्हेल)

नळाखालच्या शितांचे मान्य. ते आमच्याकडूनही होते, आणि त्यावर उपाय आहे : भात घरून करून न्यावा, पातेली न धुता पिशवीत बांधून परत आणावीत, चिवडा-फरसाण गाडीतून बाहेर काढूच नये. हे वीस माणसांना सांगून करवून घेता येते; वार्षिक संगीत-कार्यक्रमाच्या तालमीला त्यांना वेळेवर आणण्यापेक्षा तरी सोपे आहे.

मी आणखी एक पाऊल मागे येते. मर्लेटचा हंगाम मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. आपला गटाचा कँप ऑक्टोबरमध्ये घेऊ. शाळेची एक शुक्रवारची सुट्टी काढावी लागेल, एवढेच.

बोरिवलीकरीण (सॅन होजे)

ऑक्टोबरात अंडे नसते, पण निळोबा असतो. तेव्हा मिळालेल्या दाण्यावर तो हिवाळा काढतो आणि एप्रिलमध्ये त्याच फांद्यांवर हजर होतो. माकडांना आम्ही पावसाळ्यात चणे घालत नव्हतो, तरी ती आम्हाला विसरत नव्हती.

चूल आणि मैदान (सनीव्हेल)

म्हणूनच दाणा मिळूच नये असे लिहिले. मी गटाची जागा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यासाठी पाहते आहे. वाटसरू, येणार असाल तर सांगा; पोहे मात्र नाहीत, घरून आणलेले थालीपीठ आहे, आणि तेही मांडीवर रुमाल पसरून.

वाटसरू (फ्रीमाँट)

आईला विचारतो. मी स्वतः अजून ‘नाही’वरच आहे.