खंबाटकी घाटात टेम्परेचरचा काटा वर जातो, थर्मोस्टॅट काढून टाकू का?

साताराकर: पेट्रोल हॅचबॅक आहे, जुनी. हायवेला काटा मधोमध असतो पण साताऱ्याला जाताना खंबाटकीत ट्रकच्या मागे अडकलो की थेट लालजवळ, एसी बंद केला की जरा उतरतो. कूलंट पण थोडं थोडं कमी होतंय, खाली डाग नाही. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकट मिटली. काढू का?

पाना१२१३: अजिबात नको राव. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, तो बंद अवस्थेत चिकटला असता तर हायवेलाही तापली असती. वारा लागतोय तोवर ठीक आणि हळू झाली की तापते म्हणजे आधी रेडिएटरचा फॅन बघा. गाडी उभी ठेवून एसी लावा, फॅन फिरला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले (फॅनला करंट देणारा स्विच), मग मोटर. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले सेम असतो, नंबर जुळला तर अदलाबदल करून बघा, फुकटात कळेल.

जुनीजीप: काढला तर काय बिघडतं? आमच्या जीपला कधीच नव्हता.

पाना१२१३: जीपला कार्ब्युरेटर हो. इंजेक्शनच्या गाडीत ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन थंडच आहे, पेट्रोल जास्त सोडत बसतो, ॲव्हरेज बोंबलतं. आणि फॅन बंदच राहिला तर घाटात परत तेच.

रेडिएटरवाला: फॅनचं बरोबर आहे पण कूलंट कमी होतंय ते वेगळं बघा. रेडिएटरच्या कॅपचं रबर कडक झालं की प्रेशर धरत नाही, वाफ होऊन जातं, ते स्वस्तात बदलून होतं. वॉटर पंपाखाली वाळलेला पांढरा-हिरवा थर दिसतो का? डाव्या सीटचं कार्पेट ओलं, गोडसर वास, काचेवर तेलकट धुकं असेल तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय. ऑइल दुधाळ झालं किंवा गरम इंजिनलाही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला तर हेड गास्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं, मग चालवू नका. काहीच नाही दिसलं तर प्रेशर टेस्ट करून घ्या, बोअरचं पाणी ओतत बसू नका, क्षार बसून रेडिएटर चोक होतो. आणि घाटात तापली तर एसी बंद, हीटर फुल, बाजूला घ्या, पण कॅपला हात लावायचा नाही, आतलं पाणी शंभरच्या वर असतं, उघडलं की उसळून तोंडावर येतं.

साताराकर: हॉर्नचा रिले टाकला, फॅन घर्रकन चालू! कॅपचं रबर पण चिरलंय, दोन्ही उद्या आणतो. तोवर गाडीला हॉर्न नाही, पुण्यात कशी चालवू तेवढं सांगा.