'मॅग्नेटिक फ्लक्चुएशन'ला चढउतार म्हणावं का?

जुळे सोलापूर: विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकासाठी अपारंपरिक अतिवाहकांवर (विजेला अजिबात विरोध न करणारे, पण नेहमीच्या सिद्धांतात न बसणारे पदार्थ) लिहितेय. 'मॅग्नेटिक ऑर्डर'ला चुंबकीय क्रम आणि 'फ्लक्चुएशन'ला चढउतार लिहिलं तर चालेल ना?

होटगी रोड: 'क्रम' म्हटलं की एकामागून एक असं डोळ्यांपुढे येतं. ज्यापासून असा अतिवाहक बनतो त्या लँथॅनम कॉपर ऑक्साइडमध्ये तसं काही नाही. तिथे तांब्याच्या प्रत्येक अणूचं परिवलन (स्पिन, म्हणजे अणूतल्या चिमुकल्या चुंबकाची दिशा) चारही शेजाऱ्यांच्या उलट असतं. आपल्याकडच्या मागावरचं साध्या विणीचं कापड जवळून बघा: उभा धागा एका ठिकाणी वर, लगेच शेजारी खाली, आडव्या दिशेनेही तसंच. म्हणून मी 'चुंबकीय मांडणी' लिहीन.

चढउतार मात्र नको. भाव चढतात-उतरतात, तापमान चढतं-उतरतं; तिथे एकच आकडा हलतो. इथे तांब्याच्या दर शंभर अणूंमागे लँथॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियमचे सुमारे २ अणू घातले की दूरवर पसरलेली मांडणी मोडते, आणि सुमारे ५ अणूंच्या पुढे अतिवाहकता सुरू होते. पण शेजाऱ्याच्या उलट राहायची ओढ संपत नाही, ती थोड्या अंतरापुरती, क्षणभर टिकते. न्यूट्रॉनच्या झोताने हे पकडता येतं. मांडणी असेल तर विखुरलेल्या न्यूट्रॉनांच्या आलेखात धारदार शिखरं मिळतात. ती गेली की शिखरं पसरट होतात आणि न्यूट्रॉन काही ऊर्जा देऊन किंवा घेऊन बाहेर पडतात. याला 'चलबिचल' हा शब्द नेमका बसतो.

सात रस्ता: चलबिचल मनाची होते. परीक्षेच्या उत्तरात विद्यार्थी हे लिहायला धजावेल का?

होटगी रोड: मनाबाहेरही आपण तो वापरतोच, सैन्यात चलबिचल झाली म्हणतो. अनेकांची एकमेकांच्या संगतीने होणारी हालचाल त्यात आहे, हेच मला हवंय. व्होल्टेजसाठी चढउतार खुशाल ठेवा.

जुळे सोलापूर: पटलं. मग वाक्य असं करते: 'चुंबकीय चलबिचल अतिवाहकतेसाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवते.'

होटगी रोड: 'जुळवत असावी' लिहा. पारा, शिसं अशा नेहमीच्या अतिवाहकांत जालकाची (अणूंच्या जाळीची) कंपनं जोड्या जुळवतात हे १९५७ च्या बीसीएस (बार्डीन, कूपर, श्रीफर) सिद्धांताने नीट उलगडलं. १९८६ पासूनच्या ताम्र-ऑक्साइडांबद्दल आणि २००८ पासूनच्या लोहयुक्त अतिवाहकांबद्दल बऱ्याच संशोधकांचा कल चलबिचलीकडे आहे, पण एकमत नाही. क्रियापदातून एवढं कळलंच पाहिजे.